सोन्याचे कण आणि एका आजींचा प्रश्न

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादकांनी सुचविले तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एका आजींनी एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर त्या दिवशी मी जमेल तसे दिले. परंतु ते नीट, सविस्तर द्यावे, असे तेव्हापासून मनात होते.

आजींचा नातू सहा वर्षांचा. त्याला रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया झाला होता. अहमदाबादला जाऊन उपचाराचे पहिले कठीण महिने पार पडले होते. रक्तातील कर्कपेशी दिसेनाशा झाल्या होत्या आणि आता वडोदऱ्यात घरी राहून रोजची एक गोळी, आठवड्याच्या गोळ्या आणि मधूनमधून इंजेक्शन, असा लांबचा टप्पा सुरू होता. ताप-खोकला झाला किंवा रक्त तपासायचे असले की ही मंडळी माझ्याकडे येत. त्या दिवशी आजींनी पिशवीतून वर्तमानपत्राचे कात्रण काढून टेबलावर ठेवले. "डॉक्टर, यात लिहिलंय की सोन्याच्या बारीक कणांनी कॅन्सरच्या गाठी जळून जातात. सुवर्णभस्म तर आपल्याकडे पूर्वीपासून आहे. मग पोराला या सुया अजून किती दिवस टोचायच्या?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. दवाखाना सुरू करून दोन-तीनच वर्षे झाली असताना अशाच एका मुलीच्या वडिलांनी भस्माविषयी विचारले होते. "असे काही नसते," एवढेच म्हणून मी पुढच्या रुग्णाला आत बोलावले होते. ते वडील पुन्हा आले नाहीत. सहा-सात महिन्यांनी आले तेव्हा मुलीचा रोग उलटला होता. ती वाचली नाही. उपचार त्यांनी सोडला हे खरे; पण माझ्या त्या तीन शब्दांनी त्यांना थांबवून ठेवण्यासारखे काहीच दिले नव्हते, हेही खरे. म्हणून आजींचे कात्रण मी पूर्ण वाचले. त्यात लिहिलेले खोटे नव्हते, अपुरे होते. पुढील लेख त्या अपुरेपणाविषयी आहे.

कण लहान झाला की काय होते?

मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. म्हणूनच या शास्त्राला मराठीत अब्जांश तंत्रज्ञान असे नाव मिळाले. आपल्या डोक्याचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी सात ते आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. ज्यांना आपण नॅनोकण म्हणतो ते सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. म्हणजे असे शेकडो कण एका तांबड्या पेशीवर सहज मावतील.

इतके लहान झाल्याने दोन गोष्टी घडतात. पहिली, पृष्ठभाग प्रचंड वाढतो. एक ग्रॅम सोन्याचा चौकोनी खडा घेतला तर त्याचा सगळा पृष्ठभाग मिळून एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तेच सोने २० नॅनोमीटरच्या गोलकणांत वाटले तर पृष्ठभाग सुमारे १५ चौरस मीटर होतो; दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब खोलीच्या फरशीएवढा. एवढ्या जागेवर औषधाचे रेणू चिकटविता येतात किंवा कर्कपेशीला ओळखणारी प्रथिने बसविता येतात.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. अशा कणांतील सुटे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरींबरोबर एकत्र हेलकावू लागतात आणि विशिष्ट रंगाचा प्रकाश शोषून घेतात. त्यामुळे सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरले की ते पाणी पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये लंडनला या लाल सोन्यावर व्याख्यान दिले होते. शोषलेल्या प्रकाशाची पुढे उष्णता होते. कणाचा आकार बदलला, म्हणजे गोळ्याऐवजी कांडी, त्रिकोण किंवा पोकळ कवच केले, की तो दृश्य प्रकाशाऐवजी अवरक्त प्रकाशाजवळचे किरण शोषू लागतो. हे किरण कातडी व मांस यांतून त्यातल्या त्यात सहज जातात. बॅटरीच्या झोतावर तळहात धरला की तो तांबूस दिसतो, कारण तांबड्या बाजूचा प्रकाश आरपार येतो. त्याच्याही पलीकडचे हे किरण.

आता कल्पना स्पष्ट होईल. असे कण गाठीत पोहोचवायचे, बाहेरून किंवा सुईवाटे लेसर सोडायचा, कण तापतील आणि गाठ आतून भाजून निघेल. आजूबाजूच्या निरोगी भागात कण नाहीत म्हणून तो वाचेल. याला प्रकाश-औष्णिक उपचार म्हणता येईल. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील नाओमी हॅलास व जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये सोन्याची कवचे वापरून उंदरांच्या गाठींवर हे दाखवून दिले. आजींच्या कात्रणाचा उगम अशाच संशोधनात होता.

पुण्याचा गवती चहा, मुंबईचे सोने

हे सगळे परदेशातच घडते असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी बुरशी व वनस्पती यांच्याकडून धातूचे नॅनोकण करवून घेतले. २००४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्या स्वयंपाकघराच्या अगदी जवळचा आहे. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात त्यांनी गवती चहाचा अर्क घातला आणि त्यातून सोन्याचे पातळ, त्रिकोणी नॅनोकण तयार झाले. हे त्रिकोण अवरक्ताजवळचे किरण शोषतात. आपल्याकडे पावसाळ्यात चहात टाकतात, गुजरातीत जिला लीली चा म्हणतात, तीच ही पात.

मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मधील रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतील अभिजित डे यांचा गट यांनी याच वाटेवरची एक मोठी अडचण हाती घेतली. सोने शरीरात विरघळत नाही आणि कण साधारण सहा नॅनोमीटरपेक्षा मोठा असेल तर मूत्रपिंडातून गाळला जात नाही. मग तो जाणार कुठे? त्यांनी स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीवर, म्हणजे लायपोसोमवर, सोन्याचे बारीक कण बसविले. लेसरने तापल्यावर ही पिशवी मोडते आणि उरलेले बारीक तुकडे लघवीवाटे बाहेर पडू शकतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम उंदरांवरचे होते. तरीही त्यात एक शहाणपण आहे: गाठ जाळायची कशी, याबरोबर जाळून झाल्यावर सोन्याचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी आधीच विचारला.

माणसांपर्यंत काय पोहोचले?

डॉक्टर वाचकांना खरी उत्सुकता इथे असेल. थोडक्यात सांगतो.

सोन्याच्या कवचांचा मनुष्यावरील महत्त्वाचा अहवाल २०१९ मध्ये आला. प्रोस्टेट ग्रंथीचा मर्यादित, कमी किंवा मध्यम धोक्याचा कर्करोग असलेल्या १६ पुरुषांना शिरेतून कण देण्यात आले आणि नंतर ग्रंथीत लेसरचे तंतू घालून गाठीचा भाग तापविण्यात आला. १५ जणांवर उपचार पुरा झाला आणि गंभीर गुंतागुंत आढळली नाही. आशादायक आहे, परंतु १६ माणसे, एकच अवयव आणि तुलनेला दुसरा गट नाही.

दुसरा मार्ग किरणोपचाराला बळ देण्याचा. जड धातूचे अणू क्ष-किरण अधिक शोषतात आणि आजूबाजूला इलेक्ट्रॉन फेकतात. म्हणून गाठीत धातूचे कण असले तर त्याच मात्रेचा किरण तिथे जास्त इजा करतो. हाफ्नियम या धातूच्या ऑक्साइडचे नॅनोकण हात, पाय किंवा धड यांच्या मऊ ऊतींच्या सार्कोमात टोचून, मग किरण देऊन, नंतर शस्त्रक्रिया करण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तुलनेला गट होता. काढलेली गाठ जवळजवळ पूर्ण मेलेली आढळण्याचे प्रमाण केवळ किरण दिलेल्यांत ८ टक्के, तर कणांसह किरण दिलेल्यांत १६ टक्के होते. त्याच वर्षी युरोपात या औषधाला मान्यता मिळाली.

तिसरा मार्ग लोहाचा. लोह-ऑक्साइडचे कण मेंदूच्या गाठीत टोचायचे आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापवायचे. बर्लिनमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. तरीही ती मोजक्या केंद्रांपलीकडे पसरली नाही. रुग्णाच्या दातांतील धातूचे भरणसुद्धा आधी काढावे लागे, एवढे सांगितले तरी व्यवहारातील अडचण कळेल.

चौथा मार्ग सोन्याला केवळ वाहक करण्याचा. टी.एन.एफ. हे प्रथिन गाठींच्या रक्तवाहिन्यांवर आघात करते, पण नुसते टोचले तर रक्तदाब कोसळतो. ते सोन्याच्या कणांवर बसवून दिले असता पूर्वीपेक्षा मोठी मात्रा सोसता आली, असे २०१० मध्ये पहिल्या टप्प्याच्या चाचणीत दिसले. त्यानंतर हे औषध नेहमीच्या वापरात आलेले नाही.

अडते कुठे?

आजींना मी हे सर्व सांगितले नाही. त्यांना मी एवढेच विचारले, "आजी, तुमच्या नातवाला गाठ कुठे आहे?" त्या गप्प झाल्या. गाठ नव्हतीच. ल्युकेमिया हा अस्थिमज्जेचा व रक्ताचा रोग. तो साऱ्या शरीरभर वाहत असतो. जिथे गाठच नाही तिथे लेसरचा झोत कशावर धरणार? कात्रणातला उपचार खरा असला तरी त्यांच्या नातवाच्या रोगाचा तो नव्हता. आपण सारे कर्करोग हा एकच शब्द वापरतो आणि त्याखाली शेकडो निरनिराळे रोग झाकले जातात. बातमी एकाची असते, आशा दुसऱ्याला लागते.

गाठ असली तरी तिथवर पोहोचणे सोपे नसते. गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात, म्हणून शिरेतून दिलेले कण तिथे आपोआप साचतील, हा विचार जपानमधील मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये मांडला. कित्येक वर्षे सारे त्या भरवशावर होते. पुढे २०१६ मध्ये प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा हिशेब कॅनडातील एका गटाने मांडला, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा मध्यक भाग ०.७ टक्के निघाला. म्हणजे शंभर कण दिले तर एकसुद्धा पुरता पोहोचत नाही. बाकीचे बहुतेक यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशी गिळून टाकतात. शिवाय उंदराची गाठ काही आठवड्यांत वाढविलेली, त्याच्या देहाच्या मानाने मोठी आणि कातडीखालीच असते. माणसाची गाठ महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे वाढते आणि खोल असते. लेसरचा प्रकाश मात्र सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या पुढे क्षीण होतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला आणखी एक चिंता वाटते. साठीच्या रुग्णाच्या यकृतात थोडे सोने राहिले तर कदाचित फारसे बिघडणार नाही. सहा वर्षांच्या मुलापुढे मात्र साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य असते. धातू आणि मूल यांचा हिशेब फार लांब चालतो. त्याचे उदाहरण नेहमीच्या वापरातच आहे. प्लॅटिनमपासून केलेले सिसप्लॅटिन हे औषध १९७८ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे आणि त्याने यकृताच्या व हाडांच्या कर्करोगाची कित्येक मुले वाचविली; परंतु त्यातील अनेकांची श्रवणशक्ती त्याने कमी केली. ती हानी कमी करण्यासाठीचे औषध तिथे मुलांकरिता मान्य व्हायला २०२२ साल उजाडले.

भस्म, सोमल आणि सदाफुली

आता आजींच्या प्रश्नाचा दुसरा भाग: सुवर्णभस्माचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या कित्येक घरांत बाळगुटीबरोबर सोने उगाळले गेले आहे. काश्यपसंहितेत बालकाला सोने चाटविण्याचा उल्लेख आहे आणि आजही आपल्या शहरात पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनासाठी मुलांना नेतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर व त्यांचे सहकारी यांचा सहभाग असलेल्या २००७ च्या एका अभ्यासात सुवर्णभस्म तपासले गेले, तेव्हा त्यातील सोन्याचे कण सरासरी ५६-५७ नॅनोमीटरचे आढळले. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या भस्मात नॅनोकण होते, हे म्हणणे बरोबर आहे.

मात्र त्यावरून ते कर्करोग बरा करते, असा निष्कर्ष निघत नाही. कणाचा आकार सारखा म्हणून काम सारखे, असे होत नसते. प्रयोगातले कण शिरेतून किंवा थेट गाठीत जातात, त्यांच्यावर विशिष्ट आवरण असते आणि त्यांना तापविणारा लेसर असतो. भस्म पोटात जाते. त्यावर कोणी प्रकाश टाकत नाही. ल्युकेमिया झालेल्या मुलांना भस्माने बरे केल्याचा चाचणीतील पुरावा नाही. उलट निष्काळजीपणे केलेल्या धातुयुक्त औषधांतून शिसे व पारा पोटात जाऊन विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. कर्करोगाच्या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असताना ही जोखीम दुप्पट होते. आणि चाटणातल्या मधाविषयी बालरोगतज्ज्ञाचे नेहमीचे सांगणे इथेही लागू आहे: एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

परंपरेतून औषध मिळू शकत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. सोमल, म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड, याहून बदनाम विष कोणते? चीनमध्ये हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात एका पारंपरिक नुस्ख्यातील सोमल वेगळे काढले, बाकीचे घटक वगळले, मात्रा ठरविली आणि ल्युकेमियाच्या एका विशिष्ट प्रकारावर ते वापरून निकाल नोंदविले. पुढे जगभर चाचण्या झाल्या, २००० मध्ये अमेरिकेने मान्यता दिली आणि आज त्या प्रकारात ते अत्यंत प्रभावी औषध मानले जाते. आपल्या अंगणातली सदाफुली पाहा. तिच्यापासून काढलेले व्हिंक्रिस्टीन १९६३ पासून मान्य आहे आणि आजींच्या नातवाला ज्या सुया टोचल्या जात होत्या, त्यांपैकी एक तीच होती. हे सांगितले तेव्हा आजी चकित झाल्या. "म्हणजे आमच्या तुळशीजवळची सदाफुली?" "होय, तीच. पण पाने चावून नव्हे. मोजून, शुद्ध करून, शिरेतून."

सोमल व सदाफुली औषध झाली ती प्राचीन म्हणून नव्हे, तसेच आधुनिक म्हणूनही नव्हे. कोणीतरी त्यांची मात्रा मोजली, रोग नेमका केला, बरे झालेले आणि न झालेले, दोन्ही मोजले. सोन्याच्या कणांनाही, ते भस्मातले असोत वा लेसरखालचे, याच दारातून आत यावे लागेल.

रुग्णाने विचारले तर

अशी कात्रणे यापुढेही येत राहणार; आता ती मोबाइलवर येतात. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की, ती वाचावीत आणि कुटुंबाबरोबर चार प्रश्न विचारावेत. हा उपचार नेमका कोणत्या कर्करोगावर आहे आणि तो आपल्या रुग्णाचाच रोग आहे का? प्रयोग काचेच्या बशीतील पेशींवर, उंदरांवर की माणसांवर झाला? माणसांवर झाला असेल तर किती जणांवर आणि तुलना कशाशी केली? आणि शेवटचा: दिलेला पदार्थ पुढे शरीरात कुठे जातो? या प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. तीन शब्दांत वाक्य तोडण्यापेक्षा ती पाच मिनिटे फार स्वस्त पडतात, हे मी अनुभवाने सांगतो.

समाजबांधवांनाही एक सांगावेसे वाटते. मुलांच्या सर्वसामान्य प्रकारच्या ल्युकेमियात जगातील प्रगत केंद्रांत शंभरांपैकी सुमारे नव्वद मुले वाचतात. हे यश एखाद्या चमत्कारी कणाने आलेले नाही. जुनीच औषधे योग्य क्रमाने, अडीच-तीन वर्षे, न चुकता दिल्याने आलेले आहे. मूल खेळू लागते, केस परत येतात, रक्त स्वच्छ दिसते. अशा वेळी औषध बंद करण्याचा मोह सर्वांत अधिक असतो आणि धोकाही तेव्हाच असतो. दुसरे काही चालू करायचे असेल तर आपल्या डॉक्टरांना सांगून विचारावे. लपवू नये. आम्हीही रागावू नये.

आजींनी त्या दिवशी कात्रण घडी घालून पिशवीत परत ठेवले. फेकले नाही. "तुमचं हे सोन्याचं कधी माणसांसाठी तयार झालं तर सांगा," एवढे म्हणाल्या आणि नातवाच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहून मागितली. उपचार पुरा झाला. मुलगा आता मोठ्या इयत्तेत आहे आणि तापाचे निमित्त झाले की माझ्याकडेच येतो. त्याच्यासाठी मला सोन्याची वाट पाहावी लागली नाही. ज्या मुलांच्या गाठींना आजही आपल्याजवळ औषध नाही, त्यांच्यासाठी मात्र पवईला, खारघरला आणि जगभर चाललेल्या त्या कामाकडे मी आशेने पाहतो.